टालीवरून आणलेलं लाकूड नेमकं कशाचं? अनोळखी सरपण ओळखायची रीत, क्रमाने

थंडी पडली की मला फोटो यायला लागतात. छोट्या हत्तीतून उतरवलेला लाकडाचा ढीग, संध्याकाळचा उजेड, दहा फुटांवरून काढलेला, आणि खाली एकच ओळ, "भाऊ, हे कशाचं लाकूड आहे?" आता ढिगाच्या फोटोवरून लाकूड सांगायचं म्हणजे मांडवाचा फोटो बघून वांग्याच्या भाजीत मीठ किती पडलं ते सांगण्यासारखंच झालं. तरी सांगणारे सांगतातच, छातीठोकपणे, आणि विचारणारा ते नाव घेऊन मोकळा होतो.

मीही फसलोय. चुलतभावाच्या साक्षगंधाला घरीच लांब पोळ्या करायचं ठरलं, लाकडं आणायचं काम माझ्याकडे. टालवाला, म्हणजे लाकडाच्या वखारीवाला, म्हणाला, "भाऊ, पक्की बाभूय हाये, बिनधास्त घेऊन जा." वरचे चार ओंडके खरंच बाभळीचे होते. काकूंनी चुलीवर माठ पालथा घातला, पहिली पोळी हातावर ताणून वर टाकली, आणि जाळ एकदम भडकला, कडा करपल्या, दहा मिनिटांत विस्तव बसला आणि पुढच्या पोळ्या मधे कच्च्याच. खालचा सगळा माल गुलमोहर आणि पळस निघाला. काकू काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं, ते जास्त लागलं.

तेव्हापासून बघतोय, लोक त्याच तीन जागी चुकतात. एक, वरच्या रंगावरून नाव ठेवतात. दोन, एकच तुकडा बघून पूर्ण ढिगाचं नाव सांगतात. आणि तीन, सगळ्यात आधी जाळून बघतात. जाळणं ही शेवटची पायरी आहे, कारण एकतर जळलेला तुकडा परत तपासता येत नाही आणि दुसरं म्हणजे काही लाकडं जाळायचीच नसतात, ते कळायच्या आधीच त्यांचा धूर तुमच्या छातीत गेलेला असतो.

१. तयारी: सामान आणि ओळखीचा संच

सामान फार लागत नाही. बारीक दातांची करवत, नवं पातं घातलेलं कटर, १० पट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळवाले, सोनार वापरतात तसलं), किचनचा डिजिटल वजनकाटा, एक उंच आणि अरुंद काचेची बरणी, पट्टी, मार्कर, दोन-तीन पांढऱ्या वाट्या, हातमोजे आणि गॉगल. शिवाय एका वाटीत थोडं व्हिनेगर घालून त्यात गंजलेले खिळे आदल्या रात्री टाकून ठेवा, सकाळी ते पाणी लागणार आहे.

आता खरी तयारी, जी जवळपास कोणीच करत नाही: आधी ओळखीच्या लाकडांचा संच बनवा. ज्या झाडाबद्दल शंभर टक्के खात्री आहे, म्हणजे पान, फूल, शेंग डोळ्यांनी बघितलंय, त्याचीच मनगटाएवढी पडलेली फांदी घ्यायची. नागपुरात हे अगदी सोपं आहे, जूनमध्ये पावसाआधीचं वादळ आलं की प्रत्येक वस्तीत कडुलिंब, गुलमोहर, सुबाभूळ, आंबा काही ना काही आडवं होतंच, छाटणीवाल्यांना दोन तुकडे मागितले तर देतात. शेतावरून बाभूळ, बोर, पळस मिळतो. प्रत्येकाचा वीतभर तुकडा, त्यावर मार्करने नाव आणि तारीख. आठ-दहा तुकडे जमले की तुमचं अर्धं काम झालं, कारण पुढच्या प्रत्येक पायरीत "हे त्याच्यासारखं दिसतं का" हाच प्रश्न आहे आणि "त्याच्यासारखं" म्हणायला आधी तो हातात तर पाहिजे.

ढिगातून नमुने घेताना वरचा, मधला, तळाचा असे किमान तीन ओंडके काढा. सालासकट असलेले घ्या, आणि त्यातला एक तरी जाडजूड असू द्या. बारीक फांदीत गाभा, म्हणजे आतलं जुनं, बहुतेक वेळा गडद लाकूड, तयारच झालेलं नसतं, सगळं पांढुरकं असतं, त्यामुळे बाभळीची बारीक फांदी आणि करंजाची बारीक फांदी नवशिक्याला सारखीच दिसते. नमुन्यांना १, २, ३ असे आकडे टाका, नावं आताच टाकू नका. एकदा का मनात "बाभूळ" आलं की पुढे सगळं बाभळीसारखंच दिसायला लागतं.

२. आधी नकार: काय जाळायचंच नाही

ही पायरी भिंगाच्या आधी. मोजे घालूनच.

रंग, पॉलिश, सनमायका, प्लायवूड, फर्निचरचे तुकडे: बाजूला. डांबरासारखा वास मारणारे जुने रेल्वे स्लीपर: बाजूला, त्यांना मुरवलेलं तेल विषारी असतं आणि ते चुलीतच काय शेकोटीतही नको. लाकडाला किंवा सालीला हिरवट-निळसर झाक असेल तर थांबा, ती तांब्याच्या औषधाची असू शकते. तो तुकडा वेगळा ठेवा, त्याच्याकडे शेवटी परत येऊ.

मग झाडंच विषारी असलेली. कण्हेर, लाल-पांढरी असो की पिवळी, बंगल्यांच्या कुंपणाला भरपूर असते आणि छाटणीत येते. तिचं लाकूड स्वयंपाकाला नको, तिच्या काडीवर मांसाचे तुकडे खोचून भाजायचं तर मुळीच नको. नाल्याकाठची बेशरम, पोकळ काडीची, पटकन पेटते म्हणून लोक चुलीत घालतात, तीही नको.

आणि बिबा. जंगलाच्या बाजूने आलेल्या मालात हा येऊ शकतो. सालीतून निघालेला चीक वाळून काळा, व्हार्निशसारखा चकाकणारा डाग पडलेला असतो. तो कातडीला लागला की फोड येतात, काहींना तर दुसऱ्या दिवशी हात टम्म. आमच्याकडे गावाकडून आलेल्या एकाने मोजे न घालता असला ओंडका फोडला आणि आठवडाभर चमच्याने जेवत होता. काळा चकाकता डाग दिसला तर फोडू नका, तासू नका, धूर तर अजिबात घेऊ नका.

तपासून बघा: प्रत्येक नमुना चारही बाजूंनी फिरवून बघितला का? डाग बहुतेक वेळा खालच्या बाजूलाच असतो.

३. माल आला कुठून, ते विचारा

टालवाल्याला "कशाचं लाकूड" विचारू नका, तो जे विकायचंय तेच सांगेल. "कुठून आलं" विचारा, ते तो खरं सांगतो कारण त्यात त्याचं काही जात नाही.

शहरातल्या छाटणीचा माल असेल तर गुलमोहर, सोनमोहर, कडुलिंब, सुबाभूळ, निलगिरी, शिरीष, करंज, आंबा, अशोक यांच्यातलंच काहीतरी असणार. शेताच्या धुऱ्यावरचा असेल तर बाभूळ, हिवर, बोर, पळस, कडुलिंब, चिंच. जंगलाकडून, म्हणजे रामटेक-पारशिवनी किंवा उमरेडच्या पट्ट्यातून आला असेल तर धावडा, ऐन, तेंदू, साग, मोई, सालई. आणि काटोल, नरखेड, कळमेश्वरकडून आला असेल तर मोडलेल्या संत्र्याच्या बागा डोक्यात ठेवा, हे बहुतेकांना सुचतच नाही.

एवढ्याने पन्नास नावांची यादी आठ-दहावर येते. या यादीबाहेर जायचं तर पुढे तसा पुरावा मिळाला पाहिजे.

इथे कायद्याचंही एक बघा. साग, खैर, बिजा, मोह ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, शहरातल्या झाडांना १९७५ चा कायदा लागतो. तुम्ही वाळलेलं सरपण विकत घेताय हे खरं, पण ढिगात सागाचे ताजे, सरळ तोडलेले बुंधे दिसले तर कागद कुठे आहे विचारा आणि समाधान झालं नाही तर माल परत करा.

४. साल आणि काटे

साल बघायची, पण तिच्यावर भाळायचं नाही. कोवळ्या आणि जुन्या झाडाची साल एकाच झाडाची आहे असं वाटत नाही इतकी वेगळी असते.

काही साली मात्र खरंच बोलतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी ढेकळांत खोल फाटलेली. तेंदूचीही चौकोनी भेगांची, पण काळी, जणू आधीच कोळसा झालाय. धावड्याची गुळगुळीत, राखाडी-पांढरी, पातळ पापुद्रे निघणारी. निलगिरीची लांब पट्ट्यांनी सुटते. हिवराची पांढुरकी-पिवळसर. बाभळीची काळपट, उभ्या खोल भेगांची आणि खरवडली की आत तांबूस. पळसाच्या सालीवर लाल डिंकाचे वाळलेले थेंब असतात, माणकासारखे, ते दिसले की पुढे फार शोधावं लागत नाही.

काट्यांचं सालीपेक्षा बरं, ते कमी खोटं बोलतात. सरळ, पांढुरके, जोडीने: बाभूळ किंवा तिच्या कुळातलं. जोडीने पण आखूड आणि वाकडे, आकड्यासारखे: खैर. जोडीतला एक सरळ आणि एक वाकडा: बोर. एकेकटा, पानाच्या बगलेतून निघालेला: संत्रा-मोसंबी-लिंबाकडे चला. काटे अजिबात नाहीत आणि टालवाला बाभूळ म्हणतोय: सुबाभूळ असायची शक्यता धरा. नावात बाभूळ आहे म्हणून चुलीत ती बाभळीसारखी वागत नाही. (काटे फक्त बारीक फांद्यांवर टिकतात, जाड बुंध्यावर काटा नाही म्हणून बाभूळ बाद करू नका, ही चूक मी दोनदा केली आहे.)

५. टोकाचा काप: इथेच सगळा खेळ आहे

नव्वद टक्के लोक इथे चुकतात. करवतीने कापलेलं टोक तसंच भिंगाखाली धरतात, त्यावर फक्त करवतीचे ओरखडे दिसतात, आणि मग "काही दिसत नाही हो" म्हणून सोडून देतात.

असं करा. ओंडक्याचं जुनं, भेगाळलेलं टोक दोन-तीन इंच कापून टाका. नव्या टोकावर गाभ्याच्या भागात, अगदी मधोमध नाही आणि सालीजवळही नाही, करंगळीच्या नखाएवढी जागा निवडा. ती जागा पाण्याने ओली करा, मिनिटभर थांबा. मग कटरच्या नव्या पात्याने एकच पातळ काप, एका झटक्यात, आडवा ओढून. खरवडायचं नाही, दाबायचं नाही. काप चांगला बसला तर ती जागा आरशासारखी गुळगुळीत दिसते, नाही बसला तर शेजारी दुसरी जागा घ्या. पात्याची धार दहा-बारा कापांत जाते, तेव्हा कंजुषी करू नका. बोटं पात्याच्या मागे ठेवा, हे सांगायची गरज नको, पण सांगतो.

आता अंगणात उन्हात या. भिंग डोळ्याला चिकटवा आणि लाकूड भिंगाकडे आणा, उलट नाही. पुसटसं दिसलं तर त्या जागेवर पाण्याचा एक थेंब लावा, सगळं उठून येतं. या क्रमाने बघा:

गाभा वेगळा आहे का. बाभळीत गाभा गुलाबी-तपकिरी, जुना झाला की गडद, आणि बाहेरचा पट्टा फिकट. चिंचेत पांढुरका-पिवळसर भाग भरपूर आणि मधे थोडासा जांभळट काळा गाभा. खैराचा गाभा गडद लाल. तेंदूत गाभा काळा असू शकतो. करंज, संत्रा, गुलमोहर यांच्यात गाभा असा वेगळा दिसत नाही.

छिद्रं कशी आहेत. झाडाच्या पाणी नेणाऱ्या नळ्या टोकाकडून बघितल्या की छिद्रं दिसतात. सागात वर्षाच्या वलयाच्या सुरुवातीला मोठी छिद्रं ओळीने आणि पुढे बारीक, त्यामुळे वलयं नुसत्या डोळ्यांनीही मोजता येतात. आपल्याकडच्या बहुतेक लाकडांत छिद्रं सगळीकडे सारखी पसरलेली असतात, म्हणून वलयं स्पष्ट दिसली की सागाचा विचार आधी करा. निलगिरीत छिद्रं एकेकटी असतात आणि तिरप्या रांगांत उभी असतात, एकदा बघितलं की विसरत नाही. कडुलिंबाच्या काही छिद्रांत तांबूस डिंक भरलेला दिसतो.

छिद्रांभोवती काय आहे. बाभूळ, शिरीष या शेंगवाल्या मंडळीत प्रत्येक छिद्राभोवती फिकट वलय असतं, डोळ्याभोवती पांढरं असतं तसं. कधी हे डोळे बाजूने पंख फुटल्यासारखे लांबतात आणि एकमेकांना जोडले जातात. वड, पिंपळ, उंबर यांच्यात मात्र फिकट आणि गडद असे जाड पट्टे आलटूनपालटून, थेट वेफरच्या बिस्किटासारखे. (वडा-पिंपळाचं लाकूड तसंही घरच्या चुलीत कोणी घालत नाही, समिधांचं सोडा.) तेंदूत बारीक आडव्या रेषांचं जाळं.

तिन्ही नमुन्यांचे काप करा आणि शेजारी तुमच्या संचातल्या ओळखीच्या तुकड्याचाही ताजा काप करा. आठवणीशी तुलना करू नका, तुकड्याशी करा.

तपासून बघा: तीनही नमुने भिंगाखाली सारखेच आहेत का? नसतील तर तुमचा ढीग मिश्र आहे, आणि इथून पुढे प्रत्येक नमुन्याची नोंद वेगळी ठेवायची. साक्षगंधाच्या वेळी मी एवढंच केलं असतं तरी भागलं असतं.

६. वजन: बरणीतली काडी

"जड आहे" म्हणजे काय? ओलं सावराचं लाकूडही जडच लागतं. म्हणून हाताने तोलून अंदाज करायचा नाही, मोजायचं.

गाभ्यातून २० सेंटीमीटर लांब, बोटाएवढी जाड, वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची काडी काढा. ती पूर्ण वाळवा. नागपूरच्या एप्रिल-मे मध्ये गच्चीवर पत्र्यावर टाकली की काही दिवसांत वाळते, थंडीत वेळ लागतो. वाळली कधी ते डोळ्यांनी ठरवू नका, रोज त्याच वेळी काट्यावर ठेवा आणि वजन उतरायचं थांबलं की वाळली.

मग बरणीत पाणी भरून काडी उभी सोडा. अरुंद बरणी यासाठीच, रुंद भांड्यात काडी आडवी पडते. जिथपर्यंत बुडाली तिथे लगेच खूण करा, पाणी पिऊ देऊ नका. १३ सेंटीमीटर बुडाली तर १३ भागिले २०, म्हणजे ०.६५. एवढंच गणित, हीच लाकडाची पाण्याच्या तुलनेतली घनता.

साधारण असं बसतं: सावर ०.३५ च्या आसपास, पळस अर्ध्याच्या थोडा वर, साग ०.६ ते ०.७, बाभूळ ०.८ च्या आसपास, धावडा आणि चिंच ०.९ कडे. काडी सरळ तळाला गेली तर अंजनासारखं एखादं भारी लाकूड हातात आलंय, संध्याकाळी मित्रांना दाखवा. हे आकडे झाडागणिक थोडे हलतात, म्हणून ०.७८ आलं की ०.८२ आलं यावर भांडत बसू नका. पण ०.५ आलं आणि नाव बाभूळ ठेवलंय, तर नाव चुकलंय.

सावधान: किडलेल्या, भुसा पडणाऱ्या तुकड्याची काडी घेऊ नका. लाकूड आतून पोखरलेलं असलं की भारी लाकूडही हलकं दाखवतं.

७. वास, पाणी आणि खिळ्याचं पाणी

हे पटकन होतं. ताजा काप नाकाशी धरा. सागाचा वास जुन्या चामड्यासारखा तेलकट आणि हाताला मेणचट, तो एकदा कळला की अंधारातही कळतो. निलगिरीचं सांगायला नको. सालईच्या डिंकाला धुपासारखा सुगंध. शिरीषाचा भुसा नाकात गेला तर शिंकांवर शिंका येतात, करवत चालवताना मास्क लावा. लाकूड चाखून बघणारे लोक मी पाहिलेत, कडुलिंब कडू लागतो म्हणे. कण्हेरही कडूच लागते, तेव्हा चाखायचं नाही.

गाभ्याच्या चार-पाच चिपा पांढऱ्या वाटीतल्या पाण्यात टाका, तासाभराने बघा. बिज्याचं पाणी पिवळसर-तपकिरी होतं आणि उन्हात धरलं की त्यावर निळसर झळाळी दिसते. मधुमेहाला म्हणून ज्या लाकडाचे पेले विकतात ते हेच. हे दिसलं तर तो तुकडा जाळू नका, ठेवून द्या.

मग रात्रीच्या खिळ्याच्या पाण्याचा एक थेंब ताज्या कापावर. बाभूळ, खैर, ऐन यांच्यात टॅनिन, म्हणजे लोखंडाने काळं पडणारं तुरट द्रव्य, भरपूर असतं, तिथे डाग काही मिनिटांत निळा-काळा होतो. टॅनिन कमी असेल तर नुसता गंजासारखा भुरकट डाग पडतो. यावरून नाव ठरत नाही, पण दोन नावांत अडकलात तर एक खोडता येतं. करवतीचं पातं लोखंडी असेल आणि लाकूड ओलं असेल तर कापतानाच काळे डाग पडतात, ते बुरशीचे समजून लोक चांगली बाभूळ फेकतात.

८. आता जाळा, पण मोजून

उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून, आणि चुलीवर भांडं न ठेवता. दुसऱ्या पायरीत बाजूला ठेवलेलं काहीही इथे येणार नाही.

सगळ्या नमुन्यांच्या सारख्या जाडीच्या, सारख्या वाळलेल्या, सारख्या वजनाच्या फोडी घ्या, समजा प्रत्येकी २०० ग्रॅम, आणि सोबत संचातली ओळखीची एक. एकाच चुलीत एकामागून एक, प्रत्येक वेळी राख काढून. ओली फोड घातली तर सगळी चाचणी वाया, कारण ओलं लाकूड कुठलंही असो, ते फुसफुसतं, टोकातून फेस काढतं आणि डोळ्यात पाणी आणतं. सरपणात पाणी २० टक्क्यांच्या खाली असलं पाहिजे, ताज्या तोडलेल्या लाकडात ते निम्म्यापर्यंत असू शकतं.

लिहायचं ते एवढंच: पेटायला किती मिनिटं, जाळ किती वेळ, आणि जाळ बसल्यावर विस्तव किती वेळ लाल राहिला. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. बाभूळ आणि धावड्याचा विस्तव दमाने राहतो, सावजी रस्सा तासभर रटरटवायचा तर हेच हवं. पळस, गुलमोहर, सावर भडकतात आणि संपतात, फार तर चूल पेटवायला ठीक. निलगिरी तेलामुळे जोरात जळते आणि ठिणग्या उडवते, बंबाला चालते पण गवताच्या गंजीजवळ नको. कडुलिंबाचा धूर कडवट, त्यावर भाकरी भाजू नका, डास पळवायच्या शेकोटीला वापरा.

चूक: ठिणग्या उडतात म्हणून नाव ठेवणं. ठिणग्या ओलाव्यानेही उडतात आणि सालीनेही.

९. नाव ठेवणं

आता वही उघडा. उगम, साल-काटे, काप, घनता, खिळ्याचं पाणी, विस्तव, अशा सहा नोंदी समोर आहेत. कापासकट किमान चार एकाच नावाकडे बोट दाखवत असतील तर नाव लिहा. काप विरोधात असेल आणि बाकी सगळे बाजूने, तरी नाव लिहू नका, काप परत घ्या. नुसतं "बाभळीच्या कुळातलं, भारी, विस्तव चांगला" एवढं जरी ठरलं तरी चुलीसाठी ते पुरेसं आहे, उगाच पूर्ण नाव ठोकायची हौस नको. फारच अडलं तर नमुना सालासकट घेऊन शेती किंवा वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या कोणाकडे जा, आणि सोबत ही वही न्या. नुसता तुकडा नेला तर तेही रंगावरूनच सांगतील.

एक खरा नमुना

मागच्या जानेवारीत वहिनींच्या माहेरून, काटोलच्या बाजूने, हुरड्याच्या कार्यक्रमासाठी पोतंभर लाकडं आली, "बाभूळ आहे" म्हणून. ओंडके जेमतेम मांडीएवढे, साल बऱ्यापैकी गुळगुळीत, एका फांदीवर एकेकटे दोन काटे. काप घेतला तर सालीपासून मधापर्यंत सगळं फिकट पिवळं, गाभा वेगळा नाहीच, छिद्रं अगदी बारीक, अधूनमधून केसासारखी फिकट रेषा. खिळ्याचं पाणी टाकलं, काळं झालं नाही. काडी मात्र बरणीत चांगली खोल गेली, बाभळीइतकीच. म्हणजे भारी आहे पण बाभूळ नाही, आणि काटोल.

मग सगळ्यात जाड ओंडका फिरवून बघितला. बुडापासून वीतभर वर सालीत एक आडवी, फुगीर कड होती, खालची साल खरबरीत आणि वरची वेगळी, जणू दोन झाडं एकावर एक ठेवली आहेत. जंबेरी या लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम केलेली जागा ती. जुनी बाग मोडलेली, संत्र्याचं लाकूड. विस्तव सुरेख धरतं ते, बाभळीला तोडीस तोड.

पण त्याच ओंडक्याच्या सालीला निळसर-पांढुरकी पुटं होती, कमरेएवढ्या उंचीपर्यंत. बागवाले पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतात, म्हणजे मोरचूद (तांब्याचं निळं औषध) आणि चुना. दुसऱ्या पायरीत बाजूला ठेवायला सांगितलेली निळसर झाक, ती हीच. बुंध्याचे सगळे ओंडके आम्ही वेगळे काढले, ते चुलीतही गेले नाहीत आणि बंबातही नाही. वरच्या फांद्यांना पेस्ट लागलेली नव्हती, त्या वहिनींनी चुलीला घेतल्या. हुरडा नेहमीप्रमाणे गोवऱ्यांवरच भाजला.